लतिकादी चेष्टा करते

मार्गशीर्ष अमावस्या, येळवस. स्थळ: आमचं शेत, सास्तूर. हजर: सासूबाई, आमचे हे, धाकटे दीर, जाऊ, शेजारच्या सोजरबाई आणि मी. पाहुणे अपेक्षित: सहा. पाहुणे आले: एक.

ही नोंद माझ्या वहीत अजून तशीच आहे. मी गावातल्या शाळेत शिक्षिका आहे. हजेरी घेणं ही माझी नोकरी, आणि घरी येऊन पुन्हा याद्या करणं ही माझी खोड. काम, कोणी करायचं, कधीपर्यंत आणि शेरा, असे चार रकाने मी प्रत्येक पानावर आखते. कामापुढं बरोबरची खूण पडली की मला जेवण गोड लागतं. त्यामुळं सहाच्या जागी एक हा आकडा मला बरेच दिवस टोचत होता. चूक माझी नव्हती. निदान त्या दिवसाची तरी नव्हती.

येळवशीला आमच्याकडं घरात कुणी जेवत नाही. सगळं गाव शेतात जातं, आणि ज्याला शेत नाही त्याला ओढून नेलं जातं. बँकेत नवे साहेब आले होते, बंगाली, सौगत नंदी नावाचे. गावानं आठवड्यात त्यांचं सौगातसाहेब करून टाकलं. त्यांच्याबरोबर त्यांची आई आली होती. मी तिला दारात गाठून शेतावर जेवायला बोलावलं. तिनं मोठे डोळे आणखी मोठे करून सांगितलं, "आमी आशबो. आमी खूब खाबो."

घरी येऊन मी हे सासूबाईंच्या कानावर घातलं.

"आमी म्हन्ली न्हवं?" सासूबाई म्हणाल्या. "मंग एकटी कशी यील? बँकेतली समदीच यायलीत. भज्जीला मोठं पातेलं काढ."

साहेब, त्यांची आई, कॅशियर, शिपाई, शिवाय ऐन वेळचे दोन, असे मी सहा धरले. सहा माणसांची भज्जी, बाजरीचे उंडे, माठभर आंबील. दुपारी बांधावरून एकटी बाई येताना दिसली. उंचीपुरी, मोरपंखी सुती साडी, काळा चष्मा, कमरेच्याही खाली गेलेली पांढरी वेणी आणि काखेत घडीची खुर्ची.

"बाकीचे?" मी विचारलं.

"कौन बाकीचे?" तिनं छातीवर बोट ठेवलं. "आमी."

बंगालीत 'आमी' म्हणजे एकटा मी, हे आम्हाला अशा रीतीनं कळलं. सासूबाई मला हळूच म्हणाल्या, "एकटीच सोताला आमी म्हन्ती. पाटलीन हाय का काय?" पण पाटलिणीनं कडब्याच्या कोपीसमोर आपली खुर्ची मांडली आणि बसल्या बैठकीत तीन माणसांची भज्जी संपवली. तेव्हा सासूबाई विरघळल्या. आपल्या हातचं जो संपवतो तो त्यांना आपला वाटतो.

ही लतिका नंदी. मी तिला लतिकादी म्हणायची आणि अगंतुगं करायची, तिच्याच हुकमावरून. ती मला शुमोन म्हणायची. सुमन हे नाव तिच्या तोंडात मावायचं नाही.

ती काय करते, हे सोजरबाईंनी त्याच दिवशी विचारून घेतलं. सोजरबाई आमच्या भिंतीला भिंत लावून राहतात आणि गावातली कुठलीही बातमी त्यांना आधी कळते. लतिकादी मोडक्या हिंदीत म्हणाली, "अठरा साल जात्रा में काम किया."

"कुठल्या जत्रंत?" सोजरबाईंनी विचारलं. "पाळन्यावर व्हतीस का बांगड्याच्या दुकानात?"

जात्रा म्हणजे तिकडची फिरती नाटक मंडळी, हे समजावून सांगायला तिनं तोंडाचा उपयोगच केला नाही. ती खुर्चीवरून उठली, ज्वारीच्या पाटात उभी राहिली आणि मेलेल्या नवऱ्याला हाक मारणारी राणी करून दाखवली. आमचे दीर आंबिलीचा गडू हातात तसाच धरून उभे राहिले. पलीकडच्या शेतातली माणसं काय झालं म्हणून धावत आली. तेव्हा ती हसत खाली बसली आणि आणखी एक उंडा मागितला.

तिची सगळी कारकीर्द मला पुढं तुकड्यातुकड्यानं कळली. बहुतेक गोष्टी ती भाजी निवडताना सांगायची. जात्रेतून सिनेमात गेली ती नायिका म्हणूनच, पण तो सिनेमा डब्यातून बाहेरच आला नाही. पुढच्या सिनेमांत अडचण उंचीची झाली. तिकडचे नायक तिच्या खांद्याला लागायचे, म्हणून शेजारी उभं राहायचं असलं की तिच्या पायाखाली खड्डा खणायचे. "मेरा पूरा करिअर," ती म्हणायची, "खड्ड्यात." मराठीत याचा आणखी एक अर्थ होतो हे मी सांगितल्यावर तिनं तो शब्द आवडीनं पाठ केला. खड्डे खणायचा कंटाळा आल्यावर त्यांनी तिला आईची कामं दिली. आई बसलेली चालते. तिच्यापेक्षा दोन वर्षांनी मोठ्या नायकाची ती आई झाली. पुढं मालिका आल्या आणि ती भिंतीवरचा फोटो झाली. म्हणजे पहिल्या आठवड्यात वारायचं आणि नंतर वर्षभर हार घालून लटकायचं. फोटोला वेगळं मानधन का नाही, असं तिनं एकदा विचारलं तेव्हा त्यांनी फोटो बदलला.

एक मोठं काम मात्र मिळालं. एका लांबलचक मालिकेत घरातल्या सगळ्यांना धाकात ठेवणारी पिशीमा, म्हणजे आत्या. सात वर्षं तिनं ते केलं. रस्त्यात बायका तिच्या पाया पडायच्या. मग कथेत नवी सून आली, आत्या जड व्हायला लागली, आणि एका भागात पिशीमाला काशीयात्रेला पाठवलं. परत बोलावलं नाही. मारलंही नाही. मालिका चालू राहिली.

"चार साल," लतिकादी बोटं दाखवून म्हणायची, "मी काशीत."

आणि ती खरोखरच काशीत असल्यासारखी राहायची. केस कापायची नाही, कारण पिशीमाची वेणी कमरेखाली होती. वजन वाढू द्यायची नाही, येळवस सोडून. उन्हात निघताना चेहरा झाकून घ्यायची. सोजरबाईंनी केसांना मेंदी लावू का विचारलं तर ती दचकून मागं सरली. "कंटिन्युइटी!" या शब्दाचा अर्थ तिनं मला सांगितला तो असा: दार उघडून बाहेर गेलेली बाई चार वर्षांनी त्याच दारातून आत आली, तरी ती तीच दिसली पाहिजे. कुठल्याही दिवशी बोलावणं येईल, तर आपण तयार पाहिजे. माझ्यासारख्या बाईला ही शिस्त फार पटली. मी तिच्यासाठी एक यादीही करून दिली: केस, वजन, रंग, दात. दर रविवारी ती माझ्याकडून खुणा करून घ्यायची.

आमची वसाहत भूकंपानंतरची. घरं एका साच्यातली. लतिकादी सुरुवातीला दोनदा आमच्या घरात आपलं समजून शिरली आणि एकदा सासूबाईंच्या पलंगावर झोपलीसुद्धा. "सेट आहे तुमचं गाव," ती म्हणायची. फरक एकच होता. तिच्या घरात मोबाईलला रेंज येत नव्हती आणि आमच्या पुढच्या खिडकीत येत होती. म्हणून तिचा फोन आमच्या खिडकीत राहायचा, एका स्टीलच्या डब्यात, झाकण काढून. वाजला की मी हाक मारायची आणि ती वेणी सावरत धावत यायची. तरुणपणी तिच्याकडं फोन नव्हता, शेजाऱ्याकडं होता, आणि पहिली सगळी कामं तिला शेजाऱ्याच्या निरोपावर मिळाली होती. "शेजारी नेहमी बरोबर सांगतात," ती म्हणायची. हे वाक्य मी विसरू शकत नाही.

तिची एक कला गावाला फार उपयोगी पडली. ती पाहिजे त्या डोळ्यानं रडायची. एकदा नळाचं पाणी सोडणारा पांडुरंग आमच्या गल्लीची चावी दहा मिनिटांतच बंद करायला आला. बायकांनी आरडाओरडा केला, तो ऐकेना. लतिकादी पुढं झाली आणि तिनं फक्त त्याच्याकडं बघितलं. तिच्या डाव्या डोळ्यातून एक थेंब निघाला आणि गालाच्या मध्यावर येऊन थांबला. पांडुरंग म्हणाला, "आवो मावशी, आसं काय करता? घ्या, अजून पंधरा मिनिटं घ्या." तो गेल्यावर तिनं मला विचारलं, "डावाच होता ना? तो डावीकडं उभा होता."

आता चेष्टेबद्दल.

कुठलंही काम सांगा, कुठलंही बोलावणं द्या, लतिकादीचं उत्तर एकच: "चेष्टा करते." तेही डोळे बारीक करून, हसत. हळदीकुंकवाला ये म्हटलं, "चेष्टा करते." आली नाही. सासूबाईंनी भाकरी थापायला शिकवायला घेतली, "चेष्टा करते" म्हणाली आणि परातीत नकाशा काढला. सासूबाई चिडल्या: "माज्या भाकरीची चेष्टा करती व्हय गं?" ती आनंदानं मान डोलावून म्हणाली, "हो, खूब चेष्टा!" शाळेच्या गॅदरिंगला मुलींचं नाटक बसवशील का विचारलं, पुन्हा तेच. नाटक मात्र तिनं असं बसवलं की पालक खुर्च्यांवर उभे राहिले. एकूण गावाचं मत पक्कं झालं: बाई गुणाची, पण लई चेष्टेखोर. नटीच ती. तिच्या होकाराचा आणि नकाराचा भरवसा धरायचा नाही. मीही वहीत तिच्या नावापुढं शेरा लिहून ठेवला होता: चेष्टा करते, विश्वास ठेवू नये.

दुसऱ्या वर्षी, शाळेला दिवाळीची सुट्टी लागली त्याच दिवशी खिडकीतला डबा वाजला. मी हाक मारली. लतिकादी आली, फोन कानाला लावला आणि उभ्याउभ्या खिडकीचे गज धरले. काशीहून परत यायचं बोलावणं आलं होतं. मालिकेत सून डोईजड झाली होती, तिला वठणीवर आणायला पिशीमा परत हवी होती. सोमवारी सेटवर पोचायचं. उद्या दुपारी फोन करू तेव्हा पक्कं सांग, नाहीतर कथा दुसरीकडं वळवू.

गाडीचं तिकीट मिळत नव्हतं. सौगातसाहेब ट्रेनिंगला गेलेले. दुसऱ्या दिवशी सकाळीच ती सोलापूरच्या एसटीत बसली, स्टेशनवर जाऊन स्वतः रांगेत उभं राहायला. वाटेत रेंज येते-जाते म्हणून फोन डब्यातच ठेवला. गाडी सुटताना खिडकीतून ओरडली, "शुमोन! फोन आला तर सांग, लतिकादी चेष्टा करते! एवढंच सांग!"

मी वहीत लिहून घेतलं. काम: निरोप देणे. कोणी: मी. कधी: आज दुपारी.

फोन बरोबर दुपारी आला. पलीकडचा माणूस हिंदीत बोलला, "मॅडम सोमवार तक पहुंच जाएंगी ना?"

मी वहीत बघितलं. निरोप मराठीत होता, माणूस हिंदीत. मी शिक्षिका आहे. भाषांतर करायला मला कुणी सांगावं लागत नाही.

"वो मजाक कर रही हैं," मी म्हणाले.

पलीकडून आलं, "मजाक?"

"हां जी," मी म्हणाले. "हमेशा करती हैं."

त्यानं फोन ठेवला. मी खूण केली.

दिवेलागणीला लतिकादी परत आली ती तिकीट नाचवत. धुळीनं भरलेली, पण चेहरा झाकलेला, कंटिन्युइटीसाठी. तिनं फोन लावला. कुणी उचलेना. दुसऱ्या दिवशीही उचलेना. तिसऱ्या दिवशी उचलला, आणि मी चहा घेऊन आले तेव्हा ती फोन हातात धरून खिडकीशी उभी होती.

"शुमोन, तू त्याला काय सांगितलंस?"

मी वही आणून वाचून दाखवलं. निरोप जसा होता तसा, आणि त्याखाली मी दिलेलं उत्तर.

"चेष्टा म्हणजे मजाक?" तिनं विचारलं.

"मग काय?"

"चेष्टा म्हणजे..." तिला मराठी शब्द सापडेना. तिनं दोन्ही हातांनी हवेत काहीतरी जड ओढून दाखवलं, पुन्हा ओढून दाखवलं. "कोशिश," ती म्हणाली. "मी कोशिश करते."

मी तो शब्द भाषांतर न करता जसाच्या तसा सांगितला असता, तर त्या बंगाली माणसाला बरोबर समजलं असतं. मी उगाच हुशारी केली.

लतिकादीला मी शंभर चेहरे करताना बघितलं होतं. त्या वेळी तिच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं, कुठल्याच डोळ्यात काही नव्हतं. तिनं डब्यातून चार्जरही काढून घेतला आणि घरी गेली. डबा रिकामा राहिला. मी दोनदा तिच्या दारापर्यंत जाऊन परत आले. आत जाऊन काय बोलायचं याची यादी मला जमली नाही.

पाचव्या दिवशी सोजरबाई बातमी घेऊन आल्या. सौगातसाहेबांनीच त्यांना सांगितलं होतं. मालिकेत काशीहून फोन आला आणि पिशीमा वारल्या. भिंतीवर फोटो लागला, हारासकट.

सासूबाई उठल्या आणि पदर खोचून चुलीपुढं बसल्या. "सुमन, पिठलं टाक. म्या भाकऱ्या थापते."

"कशाला?"

"मेलेल्याच्या घरी चूल पेटत न्हाय. शेजाऱ्यानं न्यायचं आसतं."

"अहो, मालिकेतली बाई मेली आहे. लतिकादी जिवंत आहे."

"तिचं मानूस गेलंय," सासूबाई म्हणाल्या. "आकरा वर्सं ज्या बाईला सांबाळलं, केस सांबाळलं, ती बाई गेली. भेटाया नगं जायाला?"

मग आम्ही गेलो. सासूबाई पुढं, मग टोपली घेऊन सोजरबाई, मग मी. सासूबाई सरळ आत जाऊन तिच्याजवळ बसल्या आणि तिच्या पाठीवरून हात फिरवला. सोजरबाईंनी रीतीप्रमाणं विचारलं, "कशानं गेली म्हनं?"

लतिकादीनं एकेकीकडं बघितलं. टोपलीतल्या पिठल्याकडं बघितलं. मग माझ्याकडं.

"निरोपानं," ती म्हणाली.

आधी सोजरबाईंनी तोंडाला पदर लावला. मग लतिकादीच्या घशातून एक आवाज आला, तो रडण्याचा आहे असं समजून सासूबाईंनी तिला जवळ ओढलं. पण ती हसत होती. हसता हसता तिचे दोन्ही डोळे एकदम वाहायला लागले. कॅमेऱ्याची बाजू सोडून ती रडली ती मी तेवढीच बघितली. नंतर तिनं एकेक आठवून विचारायला सुरुवात केली: हळदीकुंकू? भाकरी? नाटक? प्रत्येक वेळी तुम्ही काय समजलात? आम्ही सांगत गेलो. तिनं कपाळावर हात मारला आणि दोन भाकऱ्या खाल्ल्या.

जेवण झाल्यावर तिनं मला कात्री आणायला सांगितली. "कंटिन्युइटी खतम." सोजरबाई नको नको म्हणत होत्या. लतिकादी आपल्या घडीच्या खुर्चीवर पाठ करून बसली. मी जुनी चादर, कंगवा, आरसा आणि कात्री, असं सगळं मांडून घेतलं आणि ती वेणी कापली. केस कापायची मला सवय नाही, त्यामुळं ते डावीकडं आखूड आणि उजवीकडं लांब राहिले. तिनं आरशात बघितलं, मान झटकली. "हलकं," ती म्हणाली. त्या दिवसापासून ती उघड्या डोक्यानं उन्हात फिरायला लागली आणि परातीतला नकाशाही हळूहळू गोल होत गेला. फोन मात्र तिनं पुन्हा डब्यात ठेवला तो थेट महिन्यानं.

पुढच्या उन्हाळ्यात सौगातसाहेबांची बदली झाली. खुर्ची तिनं सासूबाईंना दिली. निघायच्या दिवशी सगळी गल्ली गाडीभोवती होती. ती पुढच्या सीटवर बसली, आखूड केस वाऱ्यावर उडत होते, आणि गाडी हलल्यावर तिनं अर्धं अंग खिडकीबाहेर काढून ओरडून सांगितलं, "शुमोन! जोगाजोग कोरबे!"

'य'चा ती 'ज' करायची, त्यामुळं जोगाजोग म्हणजे योगायोग हे मी ओळखलं आणि हात हलवून हो हो म्हणाले. मला वाटलं, ती म्हणते आहे की आपली गाठ पडली हा योगायोग होता. किंवा योगायोगानं पुन्हा भेटू. छान वाटलं. मी योगायोगाची वाट बघत राहिले. दोन वर्षं.

गेल्या महिन्यात शाळेच्या कामासाठी धाराशिवला गेले होते. तिथं सौगातसाहेब भेटले, बँकेच्या मीटिंगला आले होते. म्हणाले, "आई तुमच्यावर रागावली आहे. म्हणते, शुमोननं एकदाही योगायोग केला नाही."

"योगायोग करायचा असतो का?" मी म्हणाले. "तो होतो."

"आमच्यात करायचा असतो," ते म्हणाले. "योगायोग म्हणजे संपर्क. फोन."

मग त्यांनी खिशातून मोबाईल काढून मला दाखवलं. लतिकादीला नवीन मालिकेत काम मिळालं होतं, आखूड केसांमुळंच. लांब वेणीच्या आत्या तिथं ढिगानं आहेत, म्हणे. हे काम मरत नाही आणि काशीलाही जात नाही. निवृत्त शिक्षिका आहे. काखेत वही घेऊन घरभर फिरते, पेन्सिल जिभेला लावते, प्रत्येकाला कामं वाटून देते आणि काम झालं की मोठ्यानं "हां जी" म्हणून खूण करते. मी पेन्सिल जिभेला लावते, हे मला त्या दिवसापर्यंत माहीत नव्हतं. पात्राचं नाव शुमोन. लोकांना फार आवडतं, असं साहेब म्हणाले.

घरी आल्यावर मी सासूबाईंना सांगितलं. त्या घडीच्या खुर्चीत बसल्या होत्या. "चेष्टा केली का गं तुजी?" त्यांनी विचारलं.

"केली," मी म्हणाले. "मराठीतली."

"मंग लाव की फोन तिला."

मी वही उघडली. नंबर लिहिलेला आहे. बोलायचे मुद्दे: एक, माफी. दोन, पेन्सिलीबद्दल जाब. कुठला आधी घ्यायचा, ते ठरत नाही. सकाळी फोन घेऊन खिडकीशी उभी राहते, रेंज पूर्ण असते, आणि शाळेची वेळ होते.

काम: लतिकादीला फोन करणे. कोणी: मी. कधीपर्यंत: येळवशीच्या आत. शेरा: चेष्टा चालू आहे.